टोमॅटोची पानं वळताहेत. ऊन की रोग? मदत हवी आहे

पुण्यात गच्चीवर १५ लिटरच्या ग्रो-बॅगमध्ये पाच झाडं आहेत. सध्या मार्चचं थेट ऊन. पाचही झाडांची खालची पानं कडांनी वर वळून पन्हाळीसारखी झालीत, रंग हिरवाच. तीन झाडांचे शेंडेही आकसलेत, नवी पानं बारीक. परवाच बगलफुटी (पान आणि खोडाच्या बेचक्यातले कोंब) काढल्या, नीमतेलही फवारलं. झाडं उपटावीत का?

प्रतिसाद १
सगळी उपटू नका, दोन वेगळी दुखणी दिसताहेत. वळण खालून सुरू झालं की शेंड्यातून, हे आधी पाहा.

खालचं पान चिमटीत धरा. जाड, चामड्यासारखं लागलं आणि डाग नसतील तर तो रोग नव्हे. उन्हाच्या तडाख्यात झाड पान मिटून घेतं, बगलफुटी एकदम काढल्या की जास्तच. ही पानं पुन्हा सपाट होतीलच असं नाही, पण फळं धरतात. दुपारी १२ ते ४ शेडनेट (३५ किंवा ५० टक्के सावलीची), मातीवर दोन इंच पालापाचोळा. पाणी मात्र दोन पेरं बोट खुपसून माती कोरडी लागली तरच.

शेंड्याची पानं बारीक, वर वळलेली, कडा पिवळ्या, खोडावरची पेरं जवळजवळ, फुलगळ असेल तर तो बोकड्या, म्हणजे लीफ कर्ल व्हायरस. तो पांढरी माशी पसरवते. भल्या सकाळी माशी सुस्त असते, तेव्हा पान अलगद उलटून बघा. विषाणूवर औषध नाही. नीमतेल फक्त माशीला आवरतं. असं झाड आधी पिशवीत झाकून तोंड बांधा, मगच बुडातून कापा. तसंच उपटलंत तर माश्या शेजारच्या झाडावर जातात.

बाकीच्यांजवळ शेंड्याच्या उंचीवर पिवळे चिकट सापळे लावा. लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि थोडा साबण, संध्याकाळी, पानांच्या खालून. एका फवारणीत अंडी वाचतात, म्हणून दर ५-७ दिवसांनी. जवळची वांगी, मिरची, भेंडीही उलटून पाहा, माशी तिथंही पोसते.

धागाकर्ता
दोन झाडांवर माश्या आहेत, कडाही पिवळ्या. तिसऱ्यावर माशी नाही, तिथं पानं खाली वळलीत आणि कडक आहेत.

प्रतिसाद २
पानाची खालची बाजू तांबूस, चकचकीत दिसते का? मग तो कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, तर पानाचा रस शोषणारी सूक्ष्म कीड (माइट). नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, १० पट मोठं दाखवणारं भिंग लागेल. यावर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक चालतं, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळीच. पण नीमतेलानंतर दोन आठवडे गंधक अजिबात नको, पानं करपतात. तोवर बिघडलेला शेंडा कापून पिशवीत बंद करा आणि या झाडावर नीमतेल थांबवा.

प्रतिसाद १
सहमत. ती दोन झाडं आजच काढा. पुढची रोपं ५० मेशच्या (इंचाला ५० छिद्रं) नायलॉन जाळीखाली वाढवा. बियाणं घेताना अर्का रक्षक बघा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा हा संकरित वाण बोकड्याला दाद देत नाही.