तंबूतील मुक्काम आणि सापांची भीती : मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. येत्या ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघे (त्यांत माझा दहा वर्षांचा भाचाही आहे) सोलापूरजवळ हिप्परगा तलावाच्या बाजूला एका परिचितांच्या शेतात तंबू ठोकून दोन रात्री राहणार आहोत. बांधावर दगडांच्या ताली आहेत आणि जवळच जुन्या कडब्याची गंजी आहे, म्हणजे उंदीर आले आणि त्यांच्यामागे सापही.

नाग, घोणस, फुरसे यांच्यापेक्षा मला मण्यारीची धास्ती अधिक वाटते, कारण ती रात्री फिरते आणि तिच्या दंशाच्या जागी पुष्कळदा सूज किंवा वेदना जवळजवळ नसल्यामुळे जमिनीवर झोपलेल्या माणसाला आपल्याला साप चावला हे कळतही नाही.

तळ शिवलेला, चेन पूर्ण लागणारा तंबू पुरेसा आहे, की आत घडीची खाटही न्यावी? तंबूभोवती कार्बोलिक पावडर टाकण्याचा सल्ला वडीलधारी मंडळी देतात. माझा त्यावर विश्वास नाही, पण कोणाचा अनुभव असल्यास सांगावा. दंश झाल्यास आवळपट्टी न बांधता, अवयव स्थिर ठेवून 108 क्रमांकावर फोन करायचा, हे ठाऊक आहे. मात्र मण्यारीच्या विषाने श्वास बंद पडू शकतो, म्हणून रात्री प्रतिसर्पविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही खात्रीने मिळतील असे तिथून सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे जाणकारांनी कृपया कळवावे.