लावलाय, पण चढत नाहीये! चार्जिंगचे खानदेशी अनुभव

तापीकाठ
काल भाची टॅब घेऊन आली. "मामा, लावलाय पण चढतच नाहीये." केबल जरा तिरकी धरली की चार्जिंगची खूण येते, सोडली की गायब. आणि मला एकदम कापसाच्या जिनिंगमधले दिवस आठवले. तेव्हा मी जळगावजवळ एका जिनिंगमध्ये काट्यावर बसायचो. दिवाळीनंतर सीझन लागला की केसांत रुई, भुवयांवर रुई, चहाच्या कपातसुद्धा रुई. पोळ्याला ठणठणीत असलेले मोबाईल संक्रांतीपर्यंत एकेक करून मान टाकायचे. मोबाईलवाला बघायचा, "पिन गेली" म्हणायचा, पैसे घ्यायचा. शेवटी आमच्या फिटरने एकाच्या फोनमध्ये टॉर्च मारून पाहिलं, तर जॅकच्या तळाशी रुईची गादीच! दर वेळी केबल घुसवली की ती अजून आत दाबली जायची आणि पिना टेकायच्याच नाहीत. त्याने फोन बंद केला, लाकडी टूथपिक तासून बारीक केली, हळूहळू सगळं उकरून काढलं. केबल टक्कन बसली.

भाचीच्या टॅबमधून बिस्किटाचा भुगा निघाला. टॅब सुरू, भाची गप्प.

तर लिहा आपापले किस्से. फक्त सुई, टाचणी, सेफ्टी पिन आत घालू नका. टाइप-सीमध्ये मधोमध पातळ जीभ असते, ती मोडली की खरंच जॅक बदलावा लागतो.

सूनबाई_पाचोरा
आमच्याकडे कणीक 🙈 पोळ्या करताना समोर मालिका लागते ना. नंतर लिहिते, दूध वर येतंय

चोपडेकर
भो, मना मोबाईल बी असाच करस. एक बाजूनं लावं तं चार्ज व्हस, उलटा लावं तं नही.

जुना_कारागीर
@चोपडेकर टाइप-सी दोन्ही बाजूंनी चालायला हवी. एकाच बाजूने चालते म्हणजे एका बाजूच्या पिना घाण झाल्यात किंवा झिजल्यात. आधी शेजारच्याची केबल लावून बघा. तिच्यावरही तसंच झालं तर दोष फोनच्या जॅकचा. दुकानात वीस वर्षं बसलोय, "बॅटरी गेली" म्हणून येणाऱ्यांत कितीतरी जणांची नुसती केबल गेलेली असते.

केळीबाग_रावेर
उन्हाळ्याचं कोणीच बोललं नाही अजून? मे महिन्यात मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत फोन लावला, तर "तापमान जास्त आहे, चार्जिंग थांबवलं". बाहेर पारा ४५ च्या वर, आत पत्र्याखाली विचारूच नका. आमचा सालदार म्हणे, "फोनले बी लू लागनी." नंतर वाचलं की लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर गरम झाली की चार्ज करायचीच नसते, म्हणून फोन स्वतःच थांबतो. बिघाड नसतोच. कव्हर काढायचं, सावलीत फॅनखाली ठेवायचा, आणि तेवढा वेळ रील बघायच्या नाहीत. पोरगा फ्रीजमध्ये ठेवायला निघाला होता, त्याला अडवलं. बाहेर काढला की आतून दव धरतं.

भुसावळ_जंक्शन
४५ काय सांगता, आमचं तर एप्रिलमध्येच सुरू होतं. आणि शेजारी दीपनगरचं औष्णिक केंद्र, धूर आम्हाला, लाईट कोणाला देव जाणे 😂

चोपडेकर
लाईटच नही शे तं चार्जिंग कशी व्हई!

साक्रीकर
लाईट असूनही जातं कधी कधी. मागे पावसाळ्यात डीपीवर न्यूट्रल तुटला. बल्ब आधी एकदम लख्ख झाले, मग फटाफट उडाले. फॅन, टीव्हीचा बॉक्स आणि लावलेले सगळे चार्जर गेले. अ‍ॅडाप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे आमच्या गावचा नेहमीचा कमी दाब तो सोसतो. पण न्यूट्रल तुटला की घरात ३००-४०० व्होल्टपर्यंत चढू शकतं, ते कोण सोसणार? आम्ही दोन दिवस "फोन खराब झाला" म्हणत बसलो. फोन ठणठणीत होते, अ‍ॅडाप्टर मेले होते. आणि वायरमन? तो आपल्या मुहूर्ताने आला.

सूनबाई_पाचोरा
आले. दूध वाचलं.
कानबाईच्या विसर्जनाला नदीवर गेलो तेव्हा असा पाऊस! घरी येऊन फोन लावला तर थेंबाची खूण आणि चार्जिंग बंद. सासूबाईंनी सरळ तांदळाच्या डब्यात पुरला. दुसऱ्या दिवशी काढला तर जॅकमध्ये तांदळाची पूड. दिरांनी दाखवलं, ॲपलनेसुद्धा २०२४ मध्ये सांगितलंय की तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जातात. तोंड खाली करून हलकेच झटकायचा आणि वाऱ्यावर ठेवायचा, बस. पण सासूबाईंना ॲपलचं कोण सांगणार 😄 "माझ्या तांदळानेच बरा झाला" हे त्या अजून पाहुण्यांना सांगतात.

तापीकाठ
@सूनबाई कानबाईचे रोट झाले का तुमच्याकडे? आमच्याकडे भाऊबंदकीत कोणी ना कोणी रुसलेलं असतंच.

सूनबाई_पाचोरा
झाले हो. रुसलेले पण जेवून गेले.

धडगावचे_गुरुजी
शाळेच्या टॅबची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत कपाटात कुलूपबंद. जूनमध्ये काढला तर दगड. चार्जर लावूनही स्क्रीन काळी, खूणसुद्धा येईना. केंद्रप्रमुख म्हणाले भंगार लिहा. मी तसाच तासभर लावून ठेवला, मग पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र धरलं, वीसेक सेकंद. कंपनीचं नाव उमटलं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. बॅटरी पार तळाला गेली की सुरुवातीला अगदी थेंब थेंब करंट घेते, तोवर स्क्रीन काहीच दाखवत नाही. आता सुट्टीआधी निम्मं चार्ज करून बंद करून ठेवतो.

जुना_कारागीर
गुरुजी, लाख बोललात. टॅबचं आणखी एक. लोक जुन्या फोनचा ५ वॅटचा चार्जर लावतात. ७००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण २७ वॅट-तास. ५ वॅटने भरायला सहा तास तरी लागणारच, आणि पोरगं वर गेम खेळत असेल तर टक्के चढण्याऐवजी उतरतात. कॉम्प्युटरच्या साध्या यूएसबीला लावला तर जेमतेम अडीच वॅट. मग गिऱ्हाईक सांगतं, "रातभर लावला, तरी भरला नाही."

नवापूरवाली
माझे सासरे महिनाभर भांडत होते की फोन ८० च्या वर जातच नाही, बॅटरी बदला. सेटिंगमध्ये बॅटरी जपायचा पर्याय चालू होता, नातवाचा उद्योग 🤦‍♀️

भुसावळ_जंक्शन
@केळीबाग भाव काय चाललाय केळीला?

केळीबाग_रावेर
चार्जिंगचं विचारा.

शहादेकर
सगळं वाचलं. माझ्या टॅबचा जॅक साफ आहे, केबल नवी आहे. चार्जिंग मध्येच बंद पडतं आणि मागचं झाकण एका कोपऱ्यात उचललं गेलंय. फेविक्विक लावू का?

जुना_कारागीर
अजिबात नको!! बॅटरी फुगलीय. चार्जरला लावला असेल तर आत्ता काढा. झाकण दाबू नका, टोचू नका, उशीखाली किंवा कपाटात ठेवू नका. बंद करून फरशीवर मोकळ्या जागी ठेवा.

शहादेकर
लावलेलाच होता. काढला. उद्या धुळ्याला एसटीने नेऊ का दाखवायला?

जुना_कारागीर
भरल्या एसटीत पिशवीत दाबला गेला तर? शहाद्यातच दाखवा. आधी फोन करून विचारा, फुगलेली बॅटरी बदलता का. आणि जुनी घरी परत आणू नका, पोरं खेळायला घेतात.

शहादेकर
बरं दादा. अंगणात ठेवलाय, मांजर येणार नाही तिथे.