दीड वर्षाच्या बाळाला लिव्हरचा कॅन्सर, ऑपरेशनआधी केमो का?

चिऊची_मावशी: बहिणीचा मुलगा दीड वर्षाचा. अंघोळ घालताना उजव्या बरगडीखाली टणक लागलं. सोनोग्राफी, सीटी, बायॉप्सी झाली. हेपॅटोब्लास्टोमा. रक्तातला एएफपी (या गाठीचा माग दाखवणारं प्रथिन) लाखांत. डॉक्टर म्हणतात आधी केमो. गाठ दिसतेय तर काढत का नाहीत? घरात कुणी दारूला शिवत नाही, मग तान्ह्या पोराला हे कसं? सासरचे बहिणीलाच बोल लावतायत, गरोदरपणी काय खाल्लंस म्हणून.

रानवाटा: भुईआवळ्याचा रस चालू करा, आमच्याकडे काविळीला देतात.

लाल_डबा_सातारा: रस नको हो! केमोत लिव्हरवर आधीच भार असतो. माझी लेक यातून गेलीय, आता चौथीत आहे.

बहिणीच्या खाण्याचा काडीचा संबंध नाही. मोठ्यांना दारूने किंवा हिपॅटायटिस बीने होतो तो कॅन्सर वेगळा. इथे लिव्हर घडवणाऱ्या कोवळ्या पेशीच बिघडतात, म्हणून तीन वर्षांच्या आतली मुलं जास्त. जगभरात दहा लाख मुलांमागे वर्षाला एखाद-दुसरं. दीड किलोच्या आत जन्मलेल्या बाळांना धोका जास्त. आमची तर चांगली तीन किलोची होती.

केमोने गाठ आक्रसते, मोठ्या रक्तवाहिन्यांपासून सुटते, मग चांगलं लिव्हर राखून कापता येते. लिव्हरचे चार भाग धरून किती मोकळे आहेत ते बघतात. त्यालाच प्रीटेक्स्ट म्हणतात. 'प्रीटेक्स्ट किती?' एवढं विचाराच. चार असेल, म्हणजे एकही भाग मोकळा नसेल, तर ट्रान्सप्लांटवाल्यांना सुरुवातीलाच दाखवायचं. एएफपी मात्र दर सायकलला बघा. आमच्या घरी तो उतरला की त्या रात्री सगळे पोटभर जेवायचे.

सिस्टर_वॉर्ड: दादांनी कानाचं राहिलं. केमोतल्या सिस्प्लॅटिन या औषधाने ऐकू कमी येऊ शकतं, आणि हे वय बोलायला शिकायचं. पहिल्या डोसआधी कानाची तपासणी करून घ्या. आजार पसरलेला नसेल तर कान जपणाऱ्या सोडियम थायोसल्फेट या औषधाबद्दल विचारा, सिस्प्लॅटिन संपल्यावर सहा तासांनी देतात. 2018 साली छापून आलेल्या चाचणीत श्रवणदोष 63 टक्क्यांवरून 33 वर आला होता.

श्रीमंत देशांत यातली 80 टक्क्यांच्या आसपास मुलं वाचतात. आपल्याकडे उशिरा येतात, मध्येच उपचार सोडून गावी जातात, तिथे घात होतो.

चिऊची_मावशी: प्रीटेक्स्ट तीन, छातीचा सीटी स्वच्छ. कानाची तपासणी कुणी सांगितलीच नव्हती, उद्या मागते. दादा, तुमचा मेसेज बहिणीच्या सासूबाईंना वाचून दाखवला. बोलल्या काही नाहीत. उपचारांच्या वेळी परळला हॉस्पिटलजवळ राहायची सोय कशी केलीत?

लाल_डबा_सातारा: हॉस्पिटलच्या सोशल वर्करला आधी गाठा. रेशनकार्ड, आधार बरोबर ठेवा, फुले योजनेचंही तिथेच विचारा. बाकी व्यनि (खासगी मेसेज) करतो.