पाच एकरात कायोटींचा त्रास, कायद्यात राहून काय करता येईल?

ओंजळ: नमस्कार मंडळी. आम्ही टेक्सासमधे ऑस्टिनच्या बाहेर पाच एकर घेऊन राहतोय, सिटी लिमिटच्या बाहेर आहे पण सबडिव्हिजन (प्लॉट पाडलेली वसाहत) आहे. कोंबड्या आहेत, दोन शेळ्या आहेत आणि एक छोटा डॅशहंड कुत्रा. कायोटी (कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातले इथले रानटी प्राणी) आधी नुसते रात्रीचे ओरडायचे, आता भर दुपारी कुंपणाशी येतात, आणि परवा तर मी समोर उभी असताना एकाने खुराड्याजवळून कोंबडी उचलली, मी ओरडले तर वळून बघितलं आणि सावकाश चालत निघून गेला!! शेजारचे म्हणतात मटणात विष घालून ठेवा, नवरा म्हणतो रायफल घेऊ, मला वाटतं पिंजऱ्यात पकडून लांब सोडून यावं. मुलं अंगणात खेळतात म्हणून जीवाला घोर लागलाय. यातलं कायदेशीर काय आणि खरंच उपयोगी काय?

माळरान: आधी विषाचा विचार डोक्यातून काढा. उंदराचं औषध किंवा कीटकनाशक लेबलवर लिहिलेल्या कामाखेरीज वापरणं फेडरल कायद्याने गुन्हा आहे, आणि ते मटण कायोटीच खाईल याचा काय भरवसा, तुमचा कुत्रा खाईल, गिधाडं खातील. 2017 मधे आयडाहोत पोकाटेलोजवळ सरकारी खात्यानेच कायोटींसाठी लावलेलं सायनाइडचं यंत्र एका मुलाच्या हातून उडालं, मुलाला त्रास झाला आणि त्याचा कुत्रा तिथेच मेला.

पकडून सोडणंही नाही. टेक्सासमधे 1988 पासून कायोटींमधे रेबीजची मोठी साथ होती, 1995 ला विमानातून लशीची आमिषं टाकायला सुरुवात झाली तेव्हा कुठे ती हटली. त्या रेबीजच्या नियमांमुळेच जिवंत कायोटी इथून उचलून तिथे नेता येत नाही.

दिवाबत्ती: रायफलबद्दल मी सांगतो. तुमच्या कोंबड्यांवर किंवा शेळ्यांवर कायोटी हल्ला करतोय, करणार आहे किंवा नुकताच करून गेलाय, तर टेक्सासमधे त्याला मारायला हंटिंग लायसन्स लागत नाही. पण गोम पुढेच आहे. सबडिव्हिजनमधल्या दहा एकर किंवा त्याहून लहान प्लॉटवर गोळी चालवायला काउंटी (म्हणजे जिल्हा प्रशासन) बंदी घालू शकते, तुमचे पाच एकर त्यात बसतात, त्यामुळे शेरीफच्या ऑफिसला फोन करून आधी विचारा, एचओएचे (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचे) नियमही बघा. आणि लेखी परवानगीशिवाय गोळी तुमच्या हद्दीपलीकडे गेली तर तो वेगळा गुन्हा. पाच एकरात रायफलची गोळी हद्दीच्या आत अडवायला मागे मातीचा चांगला उंच बांध हवा, सपाट जमिनीवर मी तरी चालवणार नाही, पलीकडे कोणाची तरी मुलं असतात.

सुगरण_७: मारून प्रश्न सुटतही नाही हो. एक जोडी गेली की भटके कायोटी त्या मोकळ्या जागेत येतात. ठराविक कायोटी जनावरांना चटावला असेल तर त्याच्यापुरता उपाय करावा लागतो, त्यासाठी ट्रॅपर (सापळे लावून जनावर पकडणारे) किंवा सरकारी वाइल्डलाइफ सर्व्हिसेसवाले आहेत, पण बाकी सगळं काम कुंपणाचं आणि खाण्याचं.

ओंजळ, तुमचे कायोटी सोकावलेत, म्हणजे त्यांना कुठेतरी आयतं मिळतंय. कुत्र्याचं खाणं बाहेर राहतं का? झाडाखाली पडलेली फळं? बर्ड फीडरखाली दाणे सांडले की उंदीर येतात आणि उंदरांमागे कायोटी. शेळी व्याली की वार लगेच उचलून टाका, मेलेली कोंबडी उघड्यावर टाकू नका.

खुराड्याला साधी षटकोनी चिकन वायर असेल तर ती बदला, ती कोंबड्यांना आत ठेवते, कायोटीला बाहेर नाही ठेवत. अर्ध्या इंचाची हार्डवेअर क्लॉथ (चौकोनी भोकांची मजबूत तारेची जाळी) लावा. कुंपण सहा फूट तरी हवं, आणि मुख्य म्हणजे तळाला जाळीचा दीड-दोन फुटाचा पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून खुंट्यांनी ठोकून टाका. कायोटी नेहमी कुंपणाच्या अगदी बुडाशी उकरायला लागतो, पायाखाली जाळी लागली की मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. एकदा कुंपणाभोवती चक्कर मारून खालच्या तारेत केस अडकलेत का बघा, राखाडी-पिवळट केस दिसले की येण्याची वाट तीच.

ओंजळ: बापरे, बर्ड फीडर तर खुराड्याच्या शेजारीच आहे, आजच काढते. अजून एक, कुत्र्याला फिरवताना एक कायोटी मागे मागे चालत येतो, हल्ला करत नाही पण आमच्याबरोबर येतो. घाबरायचं का? आणि शेळ्यांच्या राखणीसाठी ग्रेट पायरनीज जातीचा कुत्रा घ्यावा असं नवऱ्याच्या मनात आहे.

माळरान: वसंतात पिल्लं असतात तेव्हा ते असं करतात, बिळापासून कुत्र्याला लांब पोचवून येतात. डॅशहंडला उचलून घ्या, पाठ करू नका, पळू तर मुळीच नका, हळूहळू मागे सरका आणि त्या वाटेने काही आठवडे जाऊ नका. अंगणात आला तर मात्र गय करायची नाही, हात वर करून ओरडायचं, एअर हॉर्न वाजवायचा, पाइपने पाणी मारायचं, आणि तो नजरेआड होईपर्यंत थांबायचं नाही. परवा तुम्ही ओरडलात आणि तो सावकाश गेला, त्यातून तो हेच शिकला की ही बाई नुसती ओरडते. घरातल्या सगळ्यांनी हे केलं पाहिजे. माणसावर जीवघेणे हल्ले फार दुर्मिळ, अमेरिका-कॅनडात नोंद झालेले मृत्यू दोनच, 1981 ला कॅलिफोर्नियात एक लहान मुलगी आणि 2009 ला नोव्हा स्कोशियात एक तरुण गायिका, तरी लहान मुलांना एकटं सोडू नका. रेबीजची लस कुत्र्याला दिलेली असू द्या.

सुगरण_७: पायरनीज कुत्रा फार गुणी पण रात्रभर भुंकतो आणि पाच एकर त्याला अंगण वाटतं, कुंपण पक्कं नसेल तर तो भटकणार. शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या. राखणीला गाढवीणही चालते, पण एकच ठेवा, दोन ठेवल्या तर त्या एकमेकींतच रमतात. शेळी व्यायच्या वेळी गाढविणीला वेगळं बांधा, नवजात करडाला लाथ मारू शकते.

ओंजळ: खूप आभार सगळ्यांचे, उद्या शेरीफकडे फोन करते. कुंपणाला जाळीचा पट्टा लावू, पण गेटखाली हातभर फट आहे तिथे काय? गाडी जाते तिथून.

दिवाबत्ती: गेटखाली जमीन थोडी खणून सिमेंटचा उंबरा ओता, गाडी त्यावरून आरामात जाते. मग गेटच्या तळाला रबराची जाड पट्टी बोल्टने लावून उरलेली फट चार इंचांच्या आत आणा.