खोरीपाड्यासारखी गिधाडांची खानावळ आणखी काढावी का?

कातळकडा: नाशिक जिल्ह्यात हरसूलकडे खोरीपाड्याला मेलेली गुरं गिधाडांसाठी ठेवतात. अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीची गिधाडं अजून घरटी करतात. मग त्र्यंबक-पेठ पट्ट्यात अशा आणखी दोन-तीन जागा का नकोत? जोडीला वर्षाला एकच अंडं. पिल्लू उडेपर्यंत खाणं कमी पडलं की ते साल वाया.

सातपायरी: माझा विरोध. गिधाडं भुकेनं नाही, डायक्लोफेनॅक या गुरांना टोचायच्या वेदनाशामकानं गेली. ते टोचलेलं मढं खाल्लं की मूत्रपिंड बंद पडतं, यकृत-हृदयावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर बसतो, काही दिवसांत पक्षी खलास. शंभर मढ्यांत एकाहून कमी विषारी असूनही देशभरची गिधाडं कोसळली. तुम्ही तर चाळीस पक्षी एकाच मढ्यावर बोलावणार. एक चूक झाली की अख्खी पंगत आडवी!

ढोरवैद्य: धोका खरा, पण तो खानावळीचा नाही, आंधळेपणानं मढं उचलण्याचा. 'दुखण्याचं इंजेक्शन दिलं होतं का?' एवढंच विचारून भागत नाही; मालकाला नाव कुठं आठवतं? रिकामी बाटली मागा. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, केटोप्रोफेन, निमेसुलाईड यांतलं काही आठवड्याभरात टोचलं असेल तर जनावर पुरायचं. बाटली मिळाली नाही, तरी पुरायचंच. मेलॉक्सिकॅम किंवा टोल्फेनॅमिक ॲसिड असेल तर चालतं. नाका-गुदातून काळं, न गोठणारं रक्त आलं असेल तर काळपुळीचा (ॲन्थ्रॅक्सचा) संशय धरा. सुरी लावू नका, कातडं सोलू नका.

सातपायरी: तुमची तपासणी तुमच्या मढ्यापुरती. गिधाड दिवसात शंभरेक किलोमीटर सहज फिरतं. हरसूलहून तेवढा घेर काढलात तर सिन्नरही आत येतं आणि गुजरातेतलं धरमपूरही. तिथल्या नाल्यात टाकलेल्या बैलाची बाटली कोण मागणार? पैसा औषध दुकानांच्या तपासणीवर घाला.

कातळकडा: दुकानांवर कायदा आहेच की. २००६ला जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद, २०१५ला माणसांच्या डायक्लोफेनॅकची बाटली ३ मिलीपुरती, २०२३ला जनावरांसाठी केटोप्रोफेन-ॲसिक्लोफेनॅकवर बंदी.

ढोरवैद्य: त्या ३ मिलीत ७५ मिलिग्रॅम असतं. किलोला १ मिलिग्रॅम धरलं तर ४०० किलोच्या गाईला पाचाहून जास्त बाटल्या फोडाव्या लागतात. त्रास आहे, अशक्य नाही. म्हणून गोठ्यामागच्या उकिरड्यात फुटक्या काचा दिसल्या की समजून जायचं. आणि मढं तपासायच्या निमित्तानं तरी कुणी गोठ्यात जातं, हे सातपायरींनी धरलेलंच नाही.

सातपायरी: ते मान्य. पण मग आधी गोठ्यांची फेरी, खानावळ नंतर. उलटं नको.

माळरान: जागेचं कुणीच बोलेना. पोट भरलेलं गिधाड जागच्या जागी उडत नाही, त्याला धावायला उघडा उतार लागतो. झाडोऱ्यात मढं टाकलंत तर गिधाड कुत्र्यांच्या तावडीत सापडेल. भोवती कुत्रं शिरणार नाही असं जाळीचं कुंपण हवं आणि विजेच्या तारा लांब. कातडं सोलून ठेवलं तर मांस लवकर संपतं आणि मालकाला कातड्याचे चार पैसे मिळतात. तेवढ्यासाठी तरी तो बाटलीचं खरं सांगेल.

ढोरवैद्य: किंवा तेवढ्यासाठीच लपवेल!