नाथसागरात वारा असताना टी-रेस्क्यू: नाव पुन्हा भरते

प्रश्न
आम्ही तिघं पैठणला, जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयात, सी कयाकचा (समुद्रात वल्हवायच्या लांब, अरुंद नावेचा) सराव करतो. शांत पाण्यात टी-रेस्क्यू जमतो, म्हणजे उलटलेल्या नावेचं टोक दुसऱ्या नावेवर टी आकारात आडवं ओढून पाणी सांडायचं आणि पडलेल्याला परत बसवायचं. पश्चिमेचा वारा सुटून दीड-दोन फुटी लाटा उठल्या की नावा एकमेकींवर आदळतात, आणि रिकामी केलेली नाव माणूस बसेपर्यंत निम्मी भरते. मालवणला समुद्रात उतरण्याआधी हे पक्कं करायचंय. कुठं चुकतंय?

उत्तर १
दादा, लाटांत नाव कोरडी करायचा हट्ट सोडा. पाण्यातल्या माणसानं मागचं टोक दाबावं, तुम्ही पुढचं टोक आपल्या डेकवर (नावेच्या वरच्या पाठीवर) ओढा, तीन-चार सेकंद पाणी सांडू द्या आणि लगेच सुलटी करा. उरलेलं पाणी नंतर पंपानं.

नावा आदळतात त्या पकड ढिली असल्यामुळं. दोन्ही नावा समांतर, पण टोकं विरुद्ध दिशेला. दोन्ही पॅडल डेकच्या इलॅस्टिकखाली. मग त्याच्या कॉकपिटची (बसायच्या खळग्याची) कड दोन्ही हातांनी धरून छातीचा भार त्याच्या डेकवर टाका. असं रेललात की दोन नावांचा एकच तराफा होतो, तो सहसा उलटत नाही. गडी टाच कॉकपिटमध्ये अडकवून पालथाच चढेल, अंग खाली ठेवून आत वळेल. बसला की आधी स्प्रे स्कर्ट (कमरेभोवतीचं, कॉकपिट झाकणारं कापड) लावायचा, पंप जाईल एवढीच फट ठेवायची. तुम्ही स्कर्टआधी पंप मारत असाल, म्हणून नाव भरते. पाणी निघून त्याच्या हातात पॅडल येईपर्यंत पकड सोडू नका.

आणि पडलेल्यानं नाव सोडायचीच नाही. रिकामी कयाक वाऱ्यावर पोहणाऱ्यापेक्षा जोरात पळते.

उत्तर २
जागा बघा आधी. धरणाची भिंत पूर्वेला आहे, म्हणजे पश्चिमेचा वारा तुम्हाला थेट दगडी पिचिंगवर (भिंतीच्या उतारावर बसवलेल्या दगडांवर) नेतो. विसर्ग चालू असेल तर त्या बाजूला उतरूच नका. वाहत गेलात तरी उतरत्या मातीच्या काठाला लागाल अशी खाडी निवडा. तुमच्यातल्या तिसऱ्यानं १०-१५ मीटरचा दोर घेऊन तराफा वाऱ्याविरुद्ध ओढून धरावा. दोर कमरेच्या झटक्यात सुटणाऱ्या पट्ट्याला हवा. मासेमारीची जाळी असतात, लाइफ जॅकेटवर चाकू ठेवा. हे पक्षी अभयारण्य आहे, वनविभागाला विचारूनच उतरा.

प्रश्नकर्ता
एका नावेला आतून बल्कहेडच (पाणी अडवणारी आडभिंत) नाही. पॅडल फ्लोट (पॅडलच्या टोकाला लावून आधार घ्यायचा तरंगता फुगा) पुरेल का?

उत्तर १
नाही. आडभिंत नसेल तर पाणी टोकापर्यंत शिरतं, टोक उचलून ते निघत नाही. पुढं-मागं हवेच्या पिशव्या फुगवून दोरीनं बांधा, तोवर ती नाव लाटांत नेऊ नका. पॅडल फ्लोट सोबत असावा, पण जोडीदार जवळ असताना दोन नावांचाच बचाव लवकर होतो.