रोबोकॉप (१९८७) परत बघितला: कुठला कट बघावा, आणि शेवट तुम्हाला पटतो का?

निळी_कॅसेट

मंडळी, रोबोकॉपची फोर-के डिस्क मिळाली, ॲरो व्हिडिओने २०२२ मध्ये काढलेली, आणि शनिवारी घरचे झोपल्यावर सलग बघून काढला. शाळेत असताना व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणून बघितला होता तेव्हा लक्षात राहिलं होतं ते एवढंच, लोखंडी पोलीस, मांडीतून निघणारं पिस्तूल आणि शेवटी केमिकलच्या टाकीत पडून वितळणारा तो गुंड. कॉपीची कॉपी असलेली कॅसेट, रात्रीचे सीन म्हणजे नुसता काळोख, इंग्रजी संवाद निम्मे डोक्यावरून गेलेले, त्यामुळे मारधाडीचा पिक्चर म्हणूनच बघितला आणि म्हणूनच आवडला.

आता मात्र मी अडकलो तो एका सीनवर, ज्यात एक गोळी सुटत नाही. मर्फी या पोलिसाला गुंडांनी मारून टाकलंय, त्याला यंत्र बनवायचं काम चालू आहे आणि आपण त्याच्याच डोळ्यांनी सगळं बघतोय. वरून वाकून लोक बोलतायत. टीमवाले खुशीत सांगतात की डावा हात वाचवता आला. पोलीस खातं चालवणाऱ्या कंपनीचा तो तरुण साहेब, बॉब मॉर्टन, म्हणतो पूर्ण शरीर कृत्रिम करायचं ठरलं होतं ना, काढा तो हात. बरोबरच्या माणसाला विचारतो, तुला काय वाटतं? तो म्हणतो, पोलिसात भरती होतानाच त्याने फॉर्मवर सही केलीये, कायद्याने तो मेलेला आहे, आपण त्याचं हवं ते करू शकतो. बस. चांगला असलेला हात काढून टाकतात आणि आवाजसुद्धा कुणाचा चढत नाही. सगळ्या पिक्चरमधली सगळ्यात भयंकर हिंसा मला हीच वाटली, कारण ती सहीच्या जोरावर होते.

आणि मग शेवट. रोबोकॉपमध्ये कंपनीने गुपचूप चौथी आज्ञा घालून ठेवलीये, की कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला हात लावायचा नाही. कंपनीचा बडा साहेब डिक जोन्स खुनी आहे हे सगळ्या बोर्डासमोर सिद्ध होतं, तरी हा काहीच करू शकत नाही. म्हातारा चेअरमन जोन्सला नोकरीवरून काढतो तेव्हा कुठे गोळी सुटते. लहानपणी मी इथे टाळ्या वाजवल्या होत्या. आता वाटतं की यात कायदा कुठे जिंकला? म्हाताऱ्याने तोंड उघडलं नसतं तर? कंपनी तशीच, चेअरमन तोच, मर्फीचा मालकही तोच. तुम्हाला हा शेवट पटतो का?

दुसरं, डिस्कवर दोन्ही कट आहेत, मी थिएटरचा बघितला. डायरेक्टर्स कट मुद्दाम बघण्यासारखा आहे का? आणि लेक दहावीत आहे, तिला बघायचाय, दाखवावा का? मोकळेपणाने लिहा.

रीळ_आणि_रंग

डायरेक्टर्स कट नक्की बघा. लांबीत फरक जेमतेम मिनिटभराचा आहे पण परिणामात बराच आहे. अमेरिकेच्या सेन्सॉर मंडळाने या पिक्चरला परत परत एक्स रेटिंग (फक्त प्रौढांसाठी) दिलं, त्याहून सौम्य आर मिळेपर्यंत दिग्दर्शक व्हर्होवेनला कात्री लावत बसावं लागलं, तेव्हा कापलेलं यात परत जोडलंय.

सगळ्यात मोठा फरक बोर्डरूममध्ये दिसतो. ईडी-२०९ या यंत्राचं प्रात्यक्षिक चाललंय, एका तरुण अधिकाऱ्याच्या हातात पिस्तूल देतात, यंत्र म्हणतं शस्त्र टाक, तो टाकतो, यंत्राला ते कळतच नाही आणि ते गोळ्या घालतं. थिएटरच्या कटमध्ये हे पटकन उरकतं आणि नुसतं क्रूर वाटतं. पूर्ण कटमध्ये गोळीबार थांबतच नाही, पोरगा डेल्टा सिटीच्या, म्हणजे कंपनी बांधणार असलेल्या नव्या शहराच्या, पांढऱ्या शुभ्र मॉडेलवर पडलाय, मेलाय, तरी यंत्र चालूच, इतकं की ते असह्य होऊन विचित्र विनोदी व्हायला लागतं. व्हर्होवेनचं म्हणणं हेच होतं, की कापल्यामुळे विनोद गेला आणि क्रौर्य तेवढं उरलं. आणि त्यानंतर चेअरमन काय म्हणतो तर डिक, मी फार निराश झालोय. माणूस मेल्याबद्दल नाही हां, प्रॉडक्टबद्दल! तुम्ही हाताचा सीन सांगितलात त्याची तयारी इथेच होते, आधी खूप रक्त दाखवून मग बिनरक्ताचं दाखवतात.

डिस्कबद्दल एक-दोन गोष्टी. फोर-के डिस्कला रीजनचा, म्हणजे कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचा, प्रश्न नसतो. ब्लू-रे घेणाऱ्यांनी बघून घ्या, आपल्याकडचे प्लेअर रीजन सीचे आणि ॲरोची ब्लू-रे ए किंवा बीची. प्रिंट २०१३ मध्ये मूळ निगेटिव्हवरून केलेल्या रिस्टोरेशनची आहे, व्हर्होवेनने स्वतः मान्य केलेली. टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) मात्र आधी बंद करा. ईडी-२०९ हे मॉडेल एकेक फ्रेम हलवून शूट केलंय, स्मूदिंग चालू असेल तर त्याच्या चालीची पार वाट लागते. पडद्यावर बारीक दाणे दिसतील ते राहू द्या, ती फिल्मच तशी आहे. आणि पिक्चरच्या मधेमधे येणाऱ्या खोट्या बातम्या-जाहिराती मऊ दिसल्या तर डिस्कला दोष देऊ नका, त्या मुद्दाम टीव्हीसारख्याच दिसतात.

मिशिगनचा_मन्या

डेट्रॉइटजवळ राहतो, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांमध्ये नोकरी, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिली गोष्ट, पिक्चरमधलं डेट्रॉइट हे बहुतेक सगळं डॅलस आहे. कंपनीचं मुख्यालय म्हणून जी उतरत्या तोंडाची इमारत दिसते ती डॅलसचा सिटी हॉल, आय. एम. पेईने डिझाइन केलेला, त्याच्यावर चित्र रंगवून ती गगनचुंबी केलीये. म्हणजे लोकांच्या पालिकेची इमारत घेऊन तिचं खाजगी कंपनीचं ऑफिस केलं, जी पिक्चरची गोष्टच आहे.

दुसरी, पिक्चरमधली ती ६००० एसयूएक्स या खोट्या गाडीची जाहिरात. डायनासोरवाली. गॅलनला ८.२ मैल, म्हणजे लिटरला साधारण साडेतीन किलोमीटर, आणि हे लपवत नाहीत, अमेरिकन परंपरा म्हणून अभिमानाने सांगतात! ७३ च्या तेलटंचाईनंतर जपानी गाड्यांनी इथलं मार्केट खाल्लं, प्लांट बंद झाले, माणसं देशोधडीला लागली, त्या पार्श्वभूमीवर ही जाहिरात इथल्या माणसाला फार झोंबते. माझ्या प्लांटमधले जुने लोक अजून ती तोंडपाठ म्हणून दाखवतात. पोलिसांच्या गाड्या म्हणजे काळ्या केलेल्या फोर्ड टॉरस, त्या वेळी नुकत्याच आलेल्या, गोलसर आकारामुळे भविष्यातल्या वाटायच्या.

आणि आता तुमच्या सहीच्या मुद्द्यावर. जुलै २०१३ मध्ये डेट्रॉइटने दिवाळखोरी जाहीर केली, देणी जवळपास १८ अब्ज डॉलर, अमेरिकेतल्या कुठल्याही शहराची सगळ्यात मोठी. त्याआधी मार्चमध्ये राज्य सरकारने शहरावर इमर्जन्सी मॅनेजर नेमला होता, म्हणजे मत देऊन निवडलेले मेयर आणि कौन्सिल होते पण पैशांचे निर्णय नेमलेल्या माणसाच्या हातात. निवृत्त कामगारांची पेन्शन कापली गेली. २०१४ च्या डिसेंबरात शहर त्यातून बाहेर आलं, आज डाउनटाउन बघाल तर छान झालंय, ते कबूल करायलाच हवं. पण त्या दिवसांत इथे लोक रोबोकॉपचं नाव काढायचे ते पिस्तुलामुळे नाही, शहर कुणाच्या ताब्यात आहे या प्रश्नामुळे.

ठाम_मत

शेवटाबद्दल मी असहमत. निळी_कॅसेट, तुम्ही म्हणता कायदा जिंकला नाही, बरोबर आहे, पण तो जिंकतो असं पिक्चर म्हणतच नाहीये. म्हाताऱ्याने नाव विचारल्यावर तो मर्फी म्हणतो, तिथे पिक्चर संपतो. सही केलेला माणूस कायद्याने मेलाय ना, मग मेलेल्या माणसाने स्वतःचं नाव सांगणं ही छोटी गोष्ट नाही. मालक बदललेला नाही पण मालाने आपण माल नसल्याचं सांगितलंय, मला तेवढा शेवट खरा वाटतो. कंपनी कोसळली असती तर मी नसता विश्वास ठेवला.

आणि त्याचं श्रेय लुईसला, मर्फीच्या जोडीदार पोलिसाला, द्या हो, धाग्यावर अजून कुणी तिचं नाव घेतलेलं नाही. नॅन्सी ॲलनने काय काम केलंय! सगळे त्याला यंत्र म्हणून वागवत असताना तीच समोर उभी राहून त्याला मर्फी म्हणते. पुढे कारखान्यात तो हेल्मेट काढतो, नेम चुकायला लागलाय, तर ती त्याचा हात धरून नेम लावून देते, लहान बाळांच्या खाण्याच्या बाटल्यांवर. तो जे खातो तेच ते. त्याचं स्वतःचं बाळबच्चं दूर निघून गेलंय आणि हा असा परत हात चालवायला शिकतोय. कॅसेटवर हा सीन मी पुढे पळवायचे, आता तोच थांबवून थांबवून बघते.

तक्रार एकच आहे आणि ती गंभीर आहे. कंपनी माणसाचा माल करते म्हणून चिडणारा हा पिक्चर आणि १९८८ मध्येच त्याची लहान मुलांची कार्टून मालिका आली, खेळण्यातले रोबोकॉप दुकानात आले. आर रेटिंगचा पिक्चर, ज्यात माणसाचा हात उडवतात, त्याची बाहुली पोरांना विकली! पिक्चरमधल्या खोट्या जाहिरातींच्या मधे ती जाहिरात घातली असती तर कुणाला वेगळी वाटली नसती.

निळी_कॅसेट

@ठाम_मत, नावाचा मुद्दा पटला, आणि लुईसचाही. तरी मला तो म्हातारा सुटल्याचं वाईट वाटतंच. तो गोड हसतो, नेम छान आहे म्हणून कौतुक करतो, आणि हे सगळं त्याच्याच कंपनीत त्याच्याच नाकाखाली झालंय.

@मिशिगनचा_मन्या, सिटी हॉलचं माहीत नव्हतं, भारीच. उद्या डायरेक्टर्स कट लावतो.

चिकणमाती

स्टॉप-मोशनचं काम शिकते आहे म्हणून ईडी-२०९ बद्दल. फिल टिपेटच्या टीमने हलवलेलं छोटं मॉडेल, आणि नटांच्या बरोबर उभं करायला पूर्ण आकाराचं वेगळं, जे जवळपास हलायचं नाही. जिन्याचा सीन बघा. पाय पुढे टाकतं, पायरी चाचपतं, मागे घेतं, परत टाकतं, मग तोल जाऊन आपटतं आणि उताणं पडून डुकरासारखं किंचाळत पाय झाडतं. इतकं महागडं लष्करी यंत्र आणि जिना उतरता येत नाही. ते पायरी चाचपणं एकेक फ्रेम हाताने केलंय आणि त्यात त्याची भीती दिसते, यंत्राला भीती! आज कॉम्प्युटरवर वजन दाखवायला लोक झगडतात, इथे वजन आपोआप आहे कारण खरी वस्तू आहे.

रोबोकॉपचा सूट रॉब बॉटिनचा. तो सूट सेटवर उशिरा पोचला, आणि रोबोकॉप झालेल्या पीटर वेलरने मोनी याकिम या माइमच्या (मूकाभिनयाच्या) गुरूबरोबर बसवलेली चाल त्या जड सूटमध्ये चालेना, शूटिंग थांबवून परत बसवावी लागली. आधी डोकं वळतं मग धड, हे त्यातूनच आलंय. गाडीत मात्र पूर्ण सूट मावायचा नाही, म्हणून बसलेल्या शॉटमध्ये फक्त वरचा भाग घातलेला असायचा. पुढच्या वेळी बघताना लक्ष द्या, कंबरेखाली कॅमेरा जातच नाही.

रीळ_आणि_रंग

दहावीतल्या मुलीचा प्रश्न राहिला. मी म्हणेन एकदा तुम्ही पूर्ण कट बघा आणि मग तिच्यासोबत बसून थिएटरचा दाखवा. मर्फीला मारतात तो सीन दोन्हीत जड आहे, तो माणूस ओरडतो आणि ते हसतात, त्याची आधी कल्पना द्या. २०१४ चा नवा रोबोकॉप सौम्य आहे पण तो याच्या बदल्यात दाखवू नका, त्यात ही चीडच नाही. व्हर्होवेन लहानपणी हेगमध्ये जर्मनांच्या ताब्यात वाढला, बॉम्ब पडताना बघितलेत, त्याच्याकडे हिंसा देखणी होत नाही, ती घाणच राहते. ते तिला सांगून दाखवलंत तर ती नीट बघेल.

लालबाग_परळ

सगळं वाचलं, एक राहिलंय. शेवटची मारामारी ज्या गंजलेल्या कारखान्यात होते तो सेट नाही, पिट्सबर्गजवळच्या मोनेसेनमधली खरी पोलादाची गिरणी आहे, १९८६ मध्ये बंद पडलेली. माझे वडील गिरणीत होते, ८२ च्या संपात घरी बसले ते कायमचे, आणि ते बंद शेड, ती वाकलेली छपरं मला परकी वाटत नाहीत. म्हणून मला सगळ्यात जास्त लागतं ते जोन्स आणि क्लॅरन्स बॉडिकरचं बोलणं. डेल्टा सिटी बांधायला वीस लाख कामगार येणार, ट्रेलरमध्ये राहणार, म्हणजे ड्रग्ज, जुगार, वेश्याव्यवसाय, सगळं मार्केट तुझं, असं जोन्स त्या गुंडाला सांगतो. शहर उभं करणाऱ्या वीस लाख माणसांकडे तो नुसतं गिऱ्हाईक म्हणून बघतो. आणि दुसरीकडे पोलीस संपाची भाषा करतात तेव्हा त्यांचाच सार्जंट खडसावतो की आपण प्लंबर नाही, पोलीस संप करत नसतात. तरी ते शेवटी संपावर जातातच. निळी_कॅसेट, डायरेक्टर्स कट बघताना तो सार्जंट रीड बघा, रॉबर्ट डोक्वी, वाट्याला मोजके सीन आहेत पण मला वर्दीतल्यांमध्ये सगळ्यात खरा तोच वाटतो.